बीज कोणाचे, शेत कोणाचे

मूल कोणाचे, हा प्रश्न मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात शेतीच्या भाषेत मांडला आहे. स्त्री हे क्षेत्र, पुरुष हे बीज आणि दोहोंच्या संयोगातून सर्व देहधाऱ्यांची उत्पत्ती, अशी सुरुवात होते. मग दोहोंत श्रेष्ठ कोण याची चर्चा होते आणि कौल बीजाच्या बाजूने लागतो. त्यासाठी दिलेले कारण कोणत्याही शेतकऱ्याला पटावे असे आहे. एकाच शेतात वेळच्या वेळी भात, मूग, तीळ, उडीद, जव, लसूण, ऊस लावले तर जे लावले तेच उगवते. जमिनीचे रूप पिकात उतरत नाही. मराठीत 'बीज' या शब्दाला आजही हे दोन्ही अर्थ आहेत. वनस्पतिशास्त्रात बीज म्हणजे फुलातल्या बीजांडाचे फलन झाल्यावर तयार होणारी, पोटात गर्भ बाळगणारी वस्तू. व्यवहारात बीज म्हणजे मूळ कारण, कूळ, वंशाचा गुण आणि पुरुषाचे वीर्य. (तुकारामबीज आणि भाऊबीज यांतली बीज ही तिथी, द्वितीया, तिचा या शब्दाशी संबंध नाही.) हा दुसरा अर्थ पहिल्यापासून सहज निघाला, निसर्ग पाहून माणसाने स्वतःच्या जन्माबद्दल अनुमान केले आणि त्या काळच्या मानाने ते ठीकच होते, असे सामान्यतः समजले जाते. मला हे समजणे चुकीचे वाटते. बीज आणि शेत हे रूपक जन्माचे वर्णन करण्यासाठी घडलेले नाही. मुलावर, आणि मुलाच्या आईवर, हक्क कोणाचा हे ठरवण्यासाठी ते घडले, आणि शेवटपर्यंत त्याच कामी आले.

याचा सर्वांत भक्कम पुरावा त्याच अध्यायात, थोडे पुढे गेल्यावर मिळतो. बीज श्रेष्ठ असे ठरवून झाल्यावर प्रश्न येतो की, एकाचे बीज दुसऱ्याच्या शेतात पडले तर पीक कोणाचे? आता उत्तर नेमके उलटे मिळते. पीक शेताच्या मालकाचे, बी टाकणाऱ्याचे काही नाही. दाखले दिले आहेत ते गाय, घोडी, सांडणी, दासी, म्हैस, शेळी-मेंढी यांचे: दुसऱ्याच्या गाईंत वळूने शंभर वासरे जन्माला घातली तरी वासरे गाईंच्या धन्याची, वळूच्या मालकाच्या पदरात काही पडत नाही. त्याच ओघात असेही सांगितले आहे की, ज्याने खुंट उपटून जमीन मोकळी केली त्याचे शेत आणि ज्याचा बाण आधी लागला त्याचे हरीण. बीजवाला आणि क्षेत्रवाला यांनी आधी करार केला असेल तर पिकात दोघेही भागीदार, अशीही सोय आहे. या तर्काचे एक फळ म्हणजे 'क्षेत्रज' पुत्र: पती निपुत्रिक वारला किंवा असमर्थ असला तर नियोगाने दुसऱ्याकडून झालेला, पण पतीचाच मानलेला मुलगा. महाभारताचे सारे कथानक अशा मुलांवर उभे आहे. धृतराष्ट्र आणि पांडू हे व्यासांपासून झाले, पण मुलगे विचित्रवीर्याचे. पाचही पांडव देवांपासून झाले, पण पुत्र पांडूचे. आणि याच महाभारतात शकुंतला भरसभेत उभी असताना आकाशवाणी होते ती अशी की, आई म्हणजे केवळ भाता, मुलगा ज्याने जन्माला घातला त्या बापाचा.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की जीवशास्त्राचा प्रश्नच उरत नाही. बीजातून वंश येतो हे निसर्गाचे सत्य म्हणून मान्य असते, तर पांडूला मुलगे नाहीत असे म्हणावे लागले असते. शेतातून वंश येतो असे मानले असते, तर मूल आईचे ठरले असते. प्रत्यक्षात दोन्ही वेळा मूल एकाच माणसाकडे जाते, तो म्हणजे स्त्रीचा पती, शास्त्रकारांच्या भाषेत क्षेत्रिक. पती आणि जनक एकच असतील तेव्हा बीजाचा महिमा सांगायचा. ते वेगळे असतील तेव्हा शेताच्या मालकीचा. रूपक सोयीप्रमाणे वळते, निकाल मात्र वळत नाही. दहाव्या अध्यायात वर्णसंकराची चर्चा निघते तेव्हा हाच वाद पुन्हा उकरला जातो आणि तेथे कोणी बीजाची, कोणी क्षेत्राची, तर कोणी दोहोंची प्रशंसा करतात असे नमूद आहे. म्हणजे मतभेद होते, ते माहीतही होते. पुढे नियोग कलियुगात वर्ज्य ठरला, क्षेत्रज पुत्र ग्रंथांपुरता राहिला आणि शेताच्या बाजूचा युक्तिवाद वापरातून गेला. मागे उरले ते फक्त बीजाचे माहात्म्य. जणू निसर्गनियमच असावा, अशा रीतीने ते लोकांच्या बोलण्यात मुरले.

त्या काळी जन्माबद्दल याहून वेगळे काही कोणाला सुचणे शक्यच नव्हते, असे मात्र नाही. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या वैद्यांचे ग्रंथ याच समाजातले आहेत आणि त्यांचा सूर निराळा आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भ अनेक घटकांपासून बनतो असे सांगून त्यातले आईचे अवयव आणि बापाचे अवयव वेगळे मोजले आहेत. त्वचा, रक्त, मांस, मेद, नाभी, हृदय, यकृत, प्लीहा हे आईकडून. केस, दाढी, नखे, दात, हाडे, शिरा, स्नायू हे बापाकडून. यादी आजच्या ज्ञानाने चुकीची आहे, पण तिच्यामागचा विचार फार महत्त्वाचा आहे: आई ही नुसती जागा नाही, मुलाच्या देहाचा अर्धाअधिक ऐवज तिचा आहे. एवढेच नव्हे, गर्भातल्या व्यंगांची कारणे देताना चरक बीज, बीजाचा भाग आणि त्या भागाचाही अंश असे बारकावे करतो, आणि असे दूषित होणारे बीजभाग तो स्त्रीच्या शोणितातही मानतो. सुश्रुताने तर शेतीचाच दृष्टांत घेतला आहे. अंकुर फुटायला ऋतू, क्षेत्र, पाणी आणि बीज चारही लागतात, तसे गर्भालाही. त्याच्या दृष्टांतात या चौघांत श्रेष्ठ कोण हा प्रश्नच येत नाही, कारण त्याला मूल कोणाच्या नावावर चढवायचे हे ठरवायचे नव्हते; मूल धडपणे जन्माला कसे येईल हे पाहायचे होते. तेच शेत आणि तेच बी धर्मशास्त्रकाराच्या हाती मालकी सांगते आणि वैद्याच्या हाती चार गोष्टींचा मेळ. या फरकावरूनच हेतू उघड होतो.

हे एकट्या भारताचे नाही. अथेन्समध्ये इ.स.पू. ४५८ साली रंगभूमीवर आलेल्या एस्किलसच्या 'युमेनिडीज' या नाटकात आईचा खून केलेल्या मुलाचा खटला चालतो आणि अपोलो देव त्याची बाजू मांडताना सांगतो की, आई ही खरी जन्मदात्री नव्हेच, ती पेरलेल्या अंकुराची केवळ सांभाळ करणारी. जन्म देतो तो पेरणारा. येथेही हे रूपक न्यायालयातच उच्चारले जाते, आणि तेही आईशी रक्ताचे नाते नाही असे सिद्ध करून मुलाला सोडवण्यासाठी. पुढच्या शतकात ॲरिस्टॉटलने पुरुष आकार देतो आणि स्त्री केवळ द्रव्य पुरवते असा सिद्धांत मांडला आणि तो युरोपात दीर्घकाळ टिकला. पण ग्रीकांच्याही वैद्यांचे, हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांचे मत दोघांकडूनही बीज येते असेच होते. दोन दूरच्या समाजांत वैद्य एका बाजूला आणि हक्क ठरवणारे दुसऱ्या बाजूला उभे राहावेत, याला मी योगायोग म्हणणार नाही. नांगराची शेती आणि बापाकडून मुलाकडे जाणारी जमीन हे दोन्ही समाजांत समान होते, आणि रूपकाचे सारे साहित्य तेथूनच आले होते.

आता प्रत्यक्ष बी हातात घेऊन पाहावे, कारण येथे या रूपकाचा पायाच निघून जातो. पुरुषाचा वाटा म्हणजे बीज, असे म्हणताना गृहीत धरलेले असते की बी ही एकट्याची, आधीच पूर्ण अशी वस्तू आहे आणि जमीन तिला फक्त पोसते. जमीन पोसते हे खरे. पण बी एकट्याचे नाही. फुलातल्या पुंकेसरांवर परागकण तयार होतात. ते स्त्रीकेसराच्या कुक्षीवर पडतात. तेथून परागनलिका आत उतरून बीजांडापर्यंत जाते आणि त्यानंतर बी भरते. म्हणजे पुरुषाच्या वाट्याशी जुळणारी गोष्ट बी नसून परागकण आहे, आणि बी म्हणजे आईबापांच्या मीलनानंतर आईच्या देहात वाढलेला, शिदोरी बांधून दिलेला गर्भ आहे. ज्वारीचा दाणा फोडून पाहिला तर त्यातला बारीकसा अंकुर आईबापांचा समसमान. पण दाण्याचा मोठा भाग म्हणजे अंकुराला पोसणारे पीठ, ज्याला पुस्तकात भ्रूणपोष म्हणतात, ते दुहेरी फलनातून बनते आणि त्यात दोन हिस्से आईचे व एक बापाचा असतो. दाण्यावरची साल तर निव्वळ आईची. शेतकरी पेरतो तो दाणा वजनाने मोजला तर बापापेक्षा आईचा कितीतरी अधिक आहे. ज्या वस्तूला हजारो वर्षे पितृत्वाचे चिन्ह म्हणून उंच धरले, ती वस्तूच मुख्यत्वे आईकडची निघावी, याहून स्पष्ट खंडन कोणत्या रूपकाचे झाले असेल?

हे कळायला मात्र वेळ लागला, आणि तो वेळ का लागला हेही या इतिहासात पाहण्यासारखे आहे. वनस्पतींतही नर-मादी असतात हे ट्युबिंगेनच्या कामेरारियसने प्रयोगांनी दाखवून १६९४ साली पत्ररूपाने प्रसिद्ध केले. त्याआधी, १६७७ मध्ये, लेवेनहुकने सूक्ष्मदर्शकाखाली वीर्यातले वळवळणारे शुक्राणू पाहिले होते. दिसलेली गोष्ट नवी होती, तिचा अर्थ मात्र जुन्या रूपकाने लावला. लेवेनहुकला हे शुक्राणू म्हणजेच भावी जीव वाटले. आईचे काम त्यांना जागा आणि अन्न देण्याचे. १६९४ मध्येच हार्टसुकरने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला चिमुकला माणूस असावा असे चित्र काढून छापले. उलट बाजूला अंड्यातच सगळा जीव आधीपासून घडवून ठेवलेला असतो असे मानणारेही होते. भांडण पुन्हा बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ, एवढ्यावरच आले. सस्तन प्राण्याचे अंडे प्रत्यक्ष पाहिले ते कार्ल फॉन बेअर याने, कुत्रीच्या अंडाशयात, १८२७ मध्ये. म्हणजे शुक्राणू दिसल्यावर दीडशे वर्षांनी. अंडे आकाराने शुक्राणूपेक्षा कितीतरी मोठे असते. अडचण होती ती ते देहाच्या आत, थोड्या संख्येने आणि न हलता असते ही. तरीही मला वाटते की शोधणाऱ्यांच्या मनातल्या शेताने त्यांच्या नजरेला दिशा दिली होती. १८७० च्या दशकात ओस्कार हेर्टविगने समुद्री साळूच्या पारदर्शक अंड्यात दोन केंद्रके एकत्र येताना पाहिली आणि वाटा दोघांचा, हे डोळ्यांना दिसले. सपुष्प वनस्पतींतले दुहेरी फलन नवाशिनने १८९८ मध्ये सांगितले. माणसाच्या बाबतीत तर पुढे असे दिसले की केंद्रकातला वाटा समान असला, तरी पेशीतल्या तंतुकणिका मुलाला आईकडूनच मिळतात.

येथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सूक्ष्मदर्शक नसलेल्या लोकांना परागकण माहीत नव्हते म्हणून दोष देणे हा मागाहून सुचलेल्या शहाणपणाचा अन्याय नव्हे काय? अज्ञानाचा दोष मी देतच नाही. वर दाखवले तसे, त्याच काळात त्याच समाजात दुसरे उत्तर उपलब्ध होते, ते वैद्यांच्या ग्रंथांत लिहिलेले होते, आणि तरी ते निवडले गेले नाही. शिवाय शेतालाही दुसरे काही सांगायचे होते. खजुराच्या बागा लावणाऱ्या मेसोपोटेमियातल्या लोकांना नराचा फुलोरा मादीच्या फुलोऱ्यावर झटकल्याशिवाय फळ धरत नाही हे प्राचीन काळापासून ठाऊक होते आणि ते काम ते हाताने करत. आपल्याकडे मका आल्यावर एकाच कणसात पिवळे, पांढरे, जांभळे दाणे कसे येतात हे शेजारच्या वावरातला मका पाहणाऱ्याला दिसत होते. वाणात भेसळ होते, बाजरीचे बी राखायचे तर वाण लांब ठेवावे लागते, हे ज्ञान शेतातलेच आहे. आणि बी राखण्याचे काम आपल्याकडे बहुतांशी बायकांचे. उभ्या पिकातली ठसठशीत कणसे निवडणे, ती वाळवणे, राखेत घोळून मडक्यात किंवा कणगीत भरणे, तोंड शेणामातीने लिंपणे, पाऊस जवळ आला की काढून उन्हात देणे, हे सगळे. तिफणीमागून चालत चाड्यात मूठ सोडणारे हातही पुष्कळदा बाईचेच. रूपकात पेरणारा पुरुष आणि शेत बाई. वावरात मात्र बी निवडणारी, सांभाळणारी आणि पेरणारी बाई. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बी जमवून जपले, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली आणि लोक त्यांना बीजमाता म्हणतात. मनुस्मृतीच्या भाषेत हा शब्द तयारच झाला नसता, कारण तेथे बीज आणि माता या शब्दांना शेजारी बसता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, ही केवळ बोलण्याची रीत आहे. कोणी तिला जीवशास्त्र समजत नाही, मग तिच्यावर एवढे ओझे का टाकावे? रूपके बोलण्यापुरती राहतात तेव्हा मीही त्यांच्या वाटेला जाणार नाही. बीजगणित, बीजमंत्र, कथाबीज, विचारांचे बीजारोपण यांनी कोणाचे काही बिघडत नाही. पण 'वांझ' हा शब्द पाहावा. तो जमिनीला, झाडाला, गाईला आणि बाईला लागतो. मूल न झालेल्या पुरुषासाठी तितकाच रुळलेला, तितकाच जखम करणारा आणि हळदीकुंकवापासून बारशापर्यंत दार बंद करणारा शब्द मराठीत नाही. पीक न येण्याचे कारण बी किडके असू शकते हे प्रत्येक शेतकरी जाणतो. तरी मूल न झाले की दोष शेताचा. मुली होण्याचा दोष तर याहून विलक्षण आहे. जे पेरावे तेच उगवते, हा बीजश्रेष्ठत्वाचा मुख्य युक्तिवाद. तो खरा मानला तर मुली झाल्याचा जाब पेरणाऱ्याला विचारायला हवा होता. तसे कधी झाले नाही. मुलगा झाला तर बीज चांगले, मुलगी झाली तर कूस वाईट. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स यांनी पिठातल्या किड्यांवर काम करून नराच्या शुक्राणूंतल्या गुणसूत्रावर पिलाचे लिंग ठरते हे दाखवले, आणि माणसातही तसेच असते हे आता शाळेत शिकवतात. तोपर्यंत थांबायची गरजही नव्हती. आपलेच रूपक आपण प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेले असते तरी पुरे होते. ते नेले नाही, कारण त्याच्याकडून सत्य नको होते, हवा होता तो फक्त निवाडा.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. शेत म्हणणे हा अपमान कसा? आपण जमिनीला आई म्हणतो, पेरणीआधी तिची पूजा करतो, सुवासिनीची ओटी तांदळाने किंवा गव्हाने भरतो. क्षेत्र म्हणून स्त्रीला मिळालेले हे स्थान मानाचेच नाही का? मान आहे, हे मी नाकारत नाही, आणि ओटीतले धान्य या रूपकाचा सर्वांत प्रेमळ भाग आहे असेच मला वाटते. पण ज्याची पूजा होते त्याची मालकीही असू शकते. गाईची पूजा होते, शेताची होते, दसऱ्याला औजारांची होते. मराठी घरात जन्मलेल्या मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बीज आणि भूमी याच विषयावरच्या निबंधात हे नेमके दाखवले. या प्रतीकाने पुनरुत्पादनातला दोघांचा वाटा असमान ठरतो आणि त्या असमानतेतून स्त्रीचा आपल्या मुलांवर, श्रमावर आणि साधनसंपत्तीवर हक्क नाही असे नैसर्गिकपणे निघते, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी लक्षद्वीपमधल्या काल्पेनी बेटावरचा मुस्लिम पण मातृवंशीय समाज जवळून अभ्यासला होता. वंश आईकडून चालणारी घरे पाहिलेल्या संशोधकाला बीजाचे राज्य हा निसर्गाचा हुकूम वाटणे शक्य नव्हते.

आपल्या दख्खनच्या परंपरेतही दुसरा प्रवाह होता, आणि त्याची आठवण आपण फारच थोडी ठेवली आहे. इ.स. ११०० च्या आसपास कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. सपिंड नाते म्हणजे काय हे सांगताना त्याने पिंड म्हणजे श्राद्धातला भाताचा गोळा असा अर्थ घेतला नाही. पिंड म्हणजे देह, आणि एका देहाचे अंश ज्यांच्यात उतरले ते सपिंड, असे तो म्हणतो. हे अंश बापाकडून येतात तसे आईकडूनही येतात. पुढे जाऊन तो म्हणतो की आईचे स्त्रीधन मुलींना जावे, कारण मुलींत आईचे अंश अधिक असतात. निपुत्रिक मुलाच्या वारशात आई आणि बाप यांत आधी कोण, या प्रश्नावर त्याने आईला पहिला क्रम दिला. त्याचे एक कारण असे की बाप हा सवतीच्या मुलांचाही बाप असतो, आई मात्र आपल्याच मुलांची, म्हणून तिचे नाते जवळचे. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने 'व्यवहारमयूखा'त हा क्रम उलटवून बाप आधी केला. इंग्रजी अमलातल्या न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मयूखाला आणि उरलेल्या महाराष्ट्रात मिताक्षरेला अग्रमान दिला, म्हणजे एकाच भाषेच्या प्रदेशात आई कोठे बापाच्या आधी तर कोठे मागे उभी होती. मिताक्षरा समतेचा ग्रंथ होता असे मी म्हणत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क तिने मुलग्यांनाच दिला. पण देहातला आईचा वाटा मान्य केला की हक्काचे पारडे थोडे तरी हलते, एवढे त्यावरून दिसते.

स्वतंत्र भारताच्या कायद्यात हे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी वाहत आले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची आई पहिल्या वर्गाची वारस आहे आणि बाप दुसऱ्या वर्गाचा. त्याच वर्षीच्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने मात्र मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि 'त्याच्यानंतर' आई असे लिहिले. 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असे नव्हे, त्याच्या गैरहजेरीतही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाला १९९९ मध्ये लावून द्यावा लागला. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व मिळायचे तर १९९२ च्या दुरुस्तीपर्यंत बाप भारतीय असावा लागे; आई भारतीय असून भागत नसे. नागरिकत्वाच्या कायद्यात बीज हा शब्द कोठेही नाही, पण नियम त्याचाच होता. लोकांची भाषा तर या कायद्यांच्या आधीपासूनच बदलत होती. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून प्रजननाबद्दल मराठीत मोकळेपणाने लिहिले. दवाखान्यांतून आणि पाठ्यपुस्तकांतून 'स्त्रीबीज' हा शब्द रुळला आणि जुन्या विभागणीत ज्याला जागाच नव्हती, त्याला घरोघरी तोंडात जागा मिळाली. महाराष्ट्रात १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदोपत्री आधी आईचे नाव आणि मग बापाचे, असा क्रम लागतो.

मुलाच्या बाबतीत रूपक असे मागे हटत असताना शेताच्या मालकीचा भाग मात्र तसाच राहिला आहे, आणि तो १९५६ च्या कायद्याच्या १५व्या कलमात आहे. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू स्त्रीला मुले किंवा पती मागे नसतील, तर तिने स्वतः कमावलेली मिळकतही आधी तिच्या पतीच्या वारसांकडे जाते. तिचे स्वतःचे आईबाप त्यांच्यानंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत पती सर्पदंशाने गेला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले, माहेरने शिकवले, तिने नोकरी केली आणि भविष्यनिर्वाह निधी व बँकेतली शिल्लक मागे ठेवून ती वारली. वारसदार म्हणून पुढे आले ते तिच्या पतीच्या बहिणीचे मुलगे. न्यायालयाने प्रकरण कठीण असल्याचे मान्य केले, पण सहानुभूतीवर कायदा बदलता येत नाही म्हणून मिळकत त्यांनाच दिली. चार वर्षे आधी, २००५ मध्ये, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्यांइतका हक्क देणारी मोठी दुरुस्ती संसदेने केली होती. त्या दुरुस्तीत १५व्या कलमाला कोणी हात लावला नव्हता.